देव्हाऱ्यातलं बेलाचं पान

बेलापूर, माघ महिना, सन १९४५

दिवा लावताना देव्हाऱ्यातलं ते वाळलेलं बेलाचं पान हाताला लागलं.

हेच पान नि भंडारा उचलून, देवाची शपथ घेऊन, ह्यांचे दोस्त तात्याबा यांनी ह्यांना या घराची जागा दिली होती. ह्यांनी पैसेही सगळे पोचते केले होते. मी तेव्हाच म्हटलं होतं, खरेदीखत करून घ्या. तर हे माझ्यावरच चिडले. बेलभंडारा उचललेल्या दोस्ताकडे कागद मागायचा?

तात्याबा गेले. तेरावं झालं नाही तोच त्यांचा मुलगा जागा मागत दारात उभा. आज वकिलांनी ह्यांना स्पष्टच सांगितलं, “मास्तर, नोंदवलेल्या खताशिवाय जागा तुमची होत नाही. शपथेला कोर्ट विचारत नाही.”

दुपारी तात्याबांची बायको येऊन ओसरीवर रडली. “म्या डोळ्यानं बघितलं हुतं, वैनी. पन पोरगं ऐकत न्हाई.” तिच्यावर तरी काय रागवायचं?

घर सोडताना हे पान देवांबरोबर न्यायचं, की टाकून द्यायचं? मी ते उचललं, तशी ह्यांनी माझा हात धरला.

“राहू दे. तात्याबानं शब्द मोडला नाही गं. तो मेला फक्त.”