पिकअप विकणे नाही

माझे एकुलते एक मेव्हणे, बिश्केकमधल्या चौथ्या मजल्याचे भूषण, श्रीयुत केनेश यांना नारीनच्या डोंगरातून सागिनाली दाजीचा सलाम.

आधी जनावरांची खुशाली विचारावी आणि मग माणसांची, ही आपली रीत. तुझ्याकडे आता जनावर म्हणून काही उरलेलं नाही, तेव्हा मी अदबीने विचारतो, तुमच्या इमारतीची लिफ्ट कशी आहे? गेल्या खेपेला ती आजारी होती आणि मी अर्धी मेंढी खांद्यावर टाकून चार मजले चढलो होतो. तुझ्या बायकोचे गुडघे, मुलांचे दात आणि तुझं ते पोट, सगळं ठीक असावं अशी आशा करतो. इकडे तुझी बहीण बुरुलकान खणखणीत आहे. मीही खणखणीत आहे (तिच्या मते गरजेपेक्षा जरा जास्तच).

तुझं पत्र दूधगाडीच्या ड्रायव्हरने पोचवलं. इथे फोनला रेंज नाही, हे माझ्यावर देवाचे उपकारच आहेत, नाहीतर हा उपदेश मला रोज कानाने ऐकावा लागला असता. माझ्या मुलाशी, म्हणजे तालायशी, संगनमत करून तू मला लिहितोस, की दाजी, आता हट्ट सोडा, ती पिकअप भंगारात घाला, मेंढ्या विका आणि शहरात या. माझं उत्तर नाही असं आहे. पत्राच्या शेवटी पुन्हा एकदा नाही म्हणणार आहे, तिथेही वाच. आणि मी विचारतो, तू स्वतः गाड्यांच्या सुट्या भागांचा गाळा चालवतोस ना? मग गिऱ्हाइकाला गाडी मोडायला सांगतोस? भट्टीवाल्याने रोटी खाऊ नका म्हणून सांगितल्यासारखं झालं हे. पिकअप चौतीस वर्षांची झाली म्हणतोस. तालायही चौतीसचाच आहे. सकाळी तोही लवकर सुरू होत नाही, धूरही सोडतो, पण त्याला भंगारात घाला असं मी कुणाला लिहिलेलं नाही.

आता त्या पैजेबद्दल. नौरूझच्या, नव्या वर्षाच्या, जेवणाला सगळ्या गावासमोर मी म्हणालो, की या उन्हाळ्यात माझी पिकअप स्वतःच्या इंजिनावर माझा तंबू, माझी पेटी आणि माझी बायको जाइलोवर, उन्हाळी कुरणावर, घेऊन जाईल, आणि नाही नेलं तर मी मुकाट्याने शहरात राहायला येईन. हे बोललो ते बोललो. (कुमिसचं दूध जरा जास्त आंबलेलं होतं, पण त्याचं खापर मी घोडीवर फोडणार नाही.) तालायने लगेच शहरात आमच्यासाठी खोली रंगवून घेतली. फिकट हिरवी. म्हणे, तुम्हाला कुरणाची आठवण यायला नको. बाबा रे, कुरणाची आठवण भिंत बघून जात असती तर मेंढ्याही भिंत चाटून जगल्या असत्या. रागावलो नाही मी त्याच्यावर. पण त्या खोलीत मी महिनाभरात मरेन, हे तुला स्पष्ट सांगतो, आणि तू ते त्याला गोड शब्दांत सांग.

तेव्हा मी पिकअपच्या मागे लागलो. तिला खरं म्हणजे फारसं काही झालेलंच नाही. बॅटरी जरा मंद आहे, म्हणून मी गाडी नेहमी उतारावर, तोंड खाली करून उभी करतो. ब्रेक सोडला, दहा पावलं घरंगळली, क्लच सोडला की सुरू! त्यामुळे हल्ली ज्यांचं घर चढावर आहे त्यांचंच जेवणाचं आमंत्रण आम्ही घेतो. (खालच्या आळीत तीन लग्नं चुकली. अहेर वाचला, पण तुझी बहीण अजून त्याबद्दल बोलते.) ब्रेकचं म्हणशील, तर दुसऱ्यांदा दाबला की लागतो. तिसऱ्यांदा दाबायची वेळ आलीच तर समोरच्याने थोडं बाजूला व्हावं, एवढी माणुसकी आपल्याकडे अजून शिल्लक आहे.

मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा फार कुरकुरायच्या. ग्रीस संपलं होतं आणि तुझ्या गाळ्यावरून येईपर्यंत बर्फ पडला असता, म्हणून मी मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून स्प्रिंगांना चोपडली. कुरकुर अशी थांबली, की मला वाटलं मी बहिरा झालो. मात्र दुसऱ्या दिवशी गावातून निघालो तेव्हा मागे बारा कुत्री. मी थांबलो की ती गाडीखाली शिरून स्प्रिंगा चाटायची, मी निघालो की मागे धावायची. लोक घराबाहेर येऊन बघायला लागले. एकाने ओरडून विचारलं, "सागिनाली, शिकारीला चाललास की निवडणुकीला उभा आहेस?" माणसाने अशा वेळी समोर बघून गाडी चालवावी.

पुढचं जरा नाजूक आहे. मागच्या चाकाच्या आत नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक चकती असते. ती ग्रीसला अडवून धरते, नाहीतर ग्रीस ब्रेकवर उतरतं. ती चकती झिजली होती. आता नमद्यासाठी किर्गिझ माणसाने दुकानात जायचं म्हणजे माशाने पाणी विकत घ्यायचं. घरात बुरुलकान नातीच्या लग्नासाठी आतापासूनच शिर्दाक गालिचा करायला बसली होती. लाल आणि काळा नमदा एकावर एक टाचून जमिनीवर पसरलेला होता, आणि ती पाण्याला गेली होती. मी कोपऱ्यातून, अगदी कोपऱ्यातून, वाटीएवढी चकती कापली. शिर्दाकचं कसं असतं ते तू आईच्या मांडीवर बसून पाहिलं आहेस: दोन्ही रंग एकदम कापायचे, मग लालाचा तुकडा काळ्यात आणि काळ्याचा लालात बसवायचा, म्हणजे एका कापणीत दोन जुळे गालिचे. एवढं मला पंचावन्न वर्षं ठाऊक आहे. पण सुरी हातात असताना मला फक्त चाक दिसत होतं. चकती उचलली तर खाली दुसरी चकती! एका चाकापायी दोन गालिच्यांना भोक पडलं. बुरुलकान आली, तिने बघितलं, पाण्याची बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "एकच चाक गळतंय ना? मग ती दुसरी डोक्यावर बसवा. तिथूनही गळतंय." मी ती दुसऱ्या चाकाला बसवली. काळी डावीकडे, लाल उजवीकडे. अजून थोडं ग्रीस येतं, पण पूर्वीसारखं नाही.

आता निघण्याच्या दिवसाबद्दल. तंबूच्या काठ्या, नमदे, पेटी, कढई, कोंबड्यांचं खुराडं, सगळं चढवलं. मेंढ्या शेजारी बेइशेनालीच्या कळपाबरोबर आधीच वर गेल्या होत्या. पिकअप काय चढली म्हणून सांगू! पाच वळणं तिने एका दमात घेतली. सहाव्यावर बुरुलकान म्हणाली, इंजिनाला दम खाऊ द्या, इथे झरा आहे, चहा करू. मला ते पटलं. खिंड आणखी तीन वळणांवर होती आणि पलीकडे उतार, म्हणजे पोचल्यातच जमा. इंजिन गार होतंय तोवर मी नेहमीप्रमाणे वरचं झाकण काढून आतला रोटर पुसायला घेतला. (करंगळीएवढी चीज, पण ती नसली तर इंजिनाला ठिणगीच मिळत नाही. आता हे तुला काय सांगायचं.) पुसला, आणि हात तेलकट होते म्हणून गवतावर पसरलेल्या दस्तरखानावर रोटीच्या शेजारी ठेवला. चहा झाला, रोटी झाली. जेवण संपलं की करतात तशी प्रार्थना मी केली, डोळे मिटले, दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले, ओमिन म्हटलं, डोळे उघडले. रोटी होती. रोटर नव्हता.

आम्ही गवताचं पातं न् पातं चाळलं. बुरुलकानने तर माझ्यापेक्षा जास्त शोधलं, बिचारीने दगडसुद्धा उलटे केले. माझ्या मते हे काम एका पक्ष्याचं आहे. झऱ्यावर एक काळापांढरा, लांब शेपटीचा चोर बसला होता आणि माझ्याकडे फार आगाऊपणे बघत होता. संध्याकाळपर्यंत ढग आले, तेव्हा तिथेच तंबू उभारला. फक्त एका रात्रीपुरता, असं मी मोठ्याने म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं.

सकाळी वरून बेइशेनाली घोड्यावरून आला, मागे त्याची बायको कुमिसची कातडी पिशवी आणि उकडलेलं मटण घेऊन. मला वाटलं, आता हा हसणार, गावभर करणार, आणि मी त्या हिरव्या खोलीत. पण त्याने कुमिस ओतलं आणि म्हणाला, "एरुलुक आहे. जाइलोवर नवीन बिऱ्हाड आलं की शेजाऱ्याने पहिलं जेवण घालायचं असतं, विसरलास?" मी म्हटलं, बेइशेनाली, मी आलेलो नाही, अडकलोय. माझं कुरण खिंडीपलीकडे आहे. तो म्हणाला, "तुझं कुरण मेंढ्यांना विचार, त्या दोन दिवस माझ्यासोबत इथेच, वरच्या अंगाला, चरतायत. माझा आजा याच झऱ्यावर उन्हाळे काढायचा. ज्याने एरुलुक खाल्लं तो पोचला. आता खातोस की पैज हरतोस?"

मी खाल्लं. केनेश, मी दोन वेळा वाढून घेतलं. तालायला सांग, साक्षीदार आहेत: पिकअप स्वतःच्या इंजिनावर जाइलोवर पोचली, तंबू, पेटी आणि बायकोसकट. खिंड ओलांडायची असं मी नौरूझला म्हणालोच नव्हतो. (तुझी बहीण म्हणते, पडलं तरी नाक वर. असू दे वर. नाक वर असलं की हवा चांगली मिळते.) इथलं गवत पोटरीपर्यंत आहे, झरा हाकेच्या अंतरावर आहे, आणि पिकअप मी कोंबड्यांना दिलीय, त्या तिच्यात अंडी घालतात. ती आयुष्यात प्रथमच कमावती झाली आहे. तेव्हा दुसऱ्यांदा लिहितो: नाही. विकणे नाही, येणे नाही. ती खोली भाड्याने द्या.

तुझ्या लिफ्टच्या दीर्घायुष्याची दुआ मागणारा,
सागिनाली दाजी

ता. क. मला कशाचीही गरज नाही.

ता. क. २. सहज गाळा आवरताना एखादा रोटर हाती लागला, तर दूधगाडीच्या ड्रायव्हरकडे दे. मुद्दाम शोधू नकोस. पण या आठवड्यात शोध.

ता. क. ३. दोन दे. पक्षी अजून इथेच आहे.

(यापुढचं अक्षर वेगळं आहे.)

केनेश, मी बुरुलकान. पाकीट मी चिकटवते, म्हणून लिहितेय. रोटर पाठवू नकोस. त्यांना सांग, बाजारात मिळत नाही. तो माझ्या चहाच्या डब्यात आहे.

तू मला रागावशील, पण ऐक. गाडी चढली असती, त्याबद्दल मला शंका नव्हती. मला भीती पलीकडच्या उताराची होती. निघायच्या आदल्या आठवड्यात मी गुपचूप चाकाच्या आत बोट फिरवलं, दोन्ही बाजूंनी ग्रीसने माखलं. त्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, तिसऱ्यांदा दाबला की लागतो. त्या उतारावर तिसऱ्यांदा दाबायला वेळ मिळत नाही. तालायने रंगवलेली खोली मी पाहिली आहे, तिच्या खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. मला तिथे जायचं नाही, आणि दरीतही जायचं नाही. झरा चांगला होता, म्हणून तिथे चहा मांडला. बेइशेनालीच्या बायकोला निरोपही मीच, मेंढ्या वर गेल्या तेव्हाच, धाडला.

तू ब्रेकचं सगळं सामान पाठव, चारी चाकांचं, चाकाच्या आतल्या चकत्यांसकट. वर लिही, की चुकून आलं, आता आलंच आहे तर बसवून घ्या. ते बसवतील, म्हणतील गरज नव्हती. ते बसलं की रोटर गवतात सापडेल. शिर्दाकच्या भोकांवर मी मेंढ्याच्या शिंगांच्या आकाराची ठिगळं शिवली, आता ती नक्षीच वाटतात.

ओमिन म्हणताना ते डोळे घट्ट मिटतात. एकोणचाळीस वर्षं झाली, मी मिटत नाही. दोघांपैकी एकाने तरी रस्त्याकडे बघायला हवं.