जुन्या बेसनातल्या अळ्या

मोताळा, मंगळवार, संध्याकाळ

खाल्लं! शेरूनं आज खाल्लं! जीभ बाहेर आली अन् अळी गायब!

पुण्याच्या मावसभावानं हौसेनं घेतलेला, मंग उपाशी टाकलेला हा दाढीवाला सरडा मी घरी आणला, तेव्हा त्याची नुसती हाडं दिसत होती. रोज अंगणात उन्हात ठेवत होतो, पण जीभ काही बाहेर येत नव्हती.

दुपारी बाबा वावरातून सोयाबीनवरच्या अळ्या डबाभर घेऊन आले. केवढे खूश! मी चिमट्यात एक धरलीही. मंग आठवलं. "बाबा, काल तिथं फवारणी केली ना?" त्यायचं तोंडच उतरलं. मी चिमटा तसाच खाली ठेवला. गेली असती पोटात तर?

तेवढ्यात आई आली. सरडा घरात नको म्हणणारी, डाळीत एक किडा दिसला तरी सगळे डबे उन्हात टाकणारी आई! पदराआड जुन्या बेसनाचा डबा, आत अळ्याच अळ्या. हळूच म्हणे, "ह्या चालतीन का रे त्याले?"

चालल्या! पुन्हा ती जीभ, पुन्हा!

आता जेवताना आईनं सगळ्यांले बजावलं, "तो बेसनाचा डबा कोनी उन्हात ठेवसान तर पाहा!"