मागं घे रं, ते परत लाव

१३ एप्रिल १९८९, दुबलगुंडी

किळस आली आज. काकाची.

उद्या जयंती. विहारात गाणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. सातवीतून शाळा सुटली तवापासून मी चार माणसांत तोंड उघडले न्हाई, पण महिनाभर आईसमोर भीमगीत बसवले. दुपारी काका येऊन म्हणले, "तुझं नाव काढलो मी. पोरीच्या जातीनं स्टेजवर उभारू न्हाई."

आन संध्याकाळी त्यांच्याच घरी व्हिडिओ. अमेरिकेत चोवीस तास नुस्ती गाणी दाखवणारं चॅनल हाय म्हणं, त्यावरून उतरवलेली कॅसेट. दोन वर्षांखाली हीच कॅसेट आली तवा काकांनीच "नागवेपणा हाय" म्हणून पोरांना हाकललं होतं. आता सगळ्यात पुढं खुर्ची त्यांचीच.

मी चहा घेऊन गेले. टीव्हीत एक गोरी बाई, उघड्या खांद्यांची, हजारो लोकांसमोर गायलती. काका म्हणायलते, "मागं घे रं, ते परत लाव." व्हिडिओ चालवणाऱ्या पोराला तीनदा कॅसेट मागं घ्यायला लावले. तोंड उघडं टाकून.

काकी दारातून म्हणली, "तिचं बी नाव काढा की!"

"ती काय आपली पोरगी हाय?"

सगळे हसले. त्या बाईचा राग कामून यावा? ती आपली गायलती. पण ते "मागं घे रं"... छी.

कप गोळा करता करता म्हणले, "उद्या मी गाणार." आवाज बारीक निघाला. काकांना ऐकूच गेलं न्हाई. मग मोठ्यानं म्हणले.

तवा कुठं त्यांनी टीव्हीवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं.