शंभर टक्के हजेरी

छत्रपती संभाजीनगर
१९ जुलै २०२५

प्रिय मेघा,

सप्रेम जयभीम. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवू नकोस. तू कन्नडलाच आहेस, हे प्रशिक्षणाच्या यादीवरून कळलं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता काठीशिवाय चालते. तुझी आठवण काढते. माझा प्रणय बारावी झाला.

पुढच्या महिन्यात ते प्रशिक्षण आहे. शाळा बंद पडली तर घरबसल्या मुलांना नीट कसं शिकवायचं, हा विषय. मार्गदर्शक म्हणून मला बोलावलंय, कारण कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी आपल्या सातवीची हजेरी शंभर टक्के होती. हे वाचून तू हसशील. किंवा नाही हसणार.

सकाळी मी पाठ बोलून ग्रुपवर टाकायचे. पोरं 'हजर मॅडम' म्हणून, एक उतारा वाचून तो आवाज माझ्या मोबाइलवर पाठवायची. सोनिया सगळ्यांत आधी. ऑगस्टात एक दिवस तू माझा मोबाइल कानाला लावून म्हणालीस, "ताई, हे गेल्या आठवड्याचंच आहे. बकरीसुद्धा त्याच शब्दावर ओरडते. तिच्या घरी जाऊन येऊ." मी म्हणाले, "रेंज नसेल. आलं ना? हजर मांड." वर वयाचा मोठेपणाही दाखवला.

ऑक्टोबरात शाळा उघडली, सोनिया आली नाही. आपण दोघी गेलो. तिची आई केसरबाई दारातच बसली होती. "लगीन लावलं तिचं, मॅडम. जाताना म्हणली, माझं जुनं वाचलेलं रोज धाडत जा, शाळंतनं नाव कटू नाय." तेरा वर्षांची पोर. दिवाळीनंतर तू बदली मागितलीस.

एवढं तुला माहीत आहे.

त्या संध्याकाळी मी तिचे सगळे निरोप पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकले. एरवी 'हजर' ऐकलं की खूण करून पुढच्या नावाकडं जायचे. लग्नाच्या तीन दिवस आधीचा निरोप जरा लांब होता. उतारा संपतो, थोडा वेळ काहीच नाही. मग अगदी हळू, "मॅडम, रविवारी माझं लगीन हाय. मला नाय करायचं. तुम्ही या ना."

तीन दिवस होते, मेघा. जीपनं पाऊण तासाची वाट.

मी कुणालाच सांगितलं नाही. निरोप पुसलाही नाही. अजून वर्गात कुणी 'हजर' म्हटलं की मी थांबते, पुढचं काही ऐकू येईल म्हणून. पोरं एकमेकांकडं बघतात.

मागच्या रविवारी शहागंजात एका बाईनं हाक मारली. कडेवर लहान मुलगी. "मॅडम, वळखलं का? सोनिया." आता करमाडला असते. मुलीसाठी चपला घ्यायला आली होती. बोलता बोलता तिनं विचारलं, "लग्नाआधी म्या एक निरोप धाडला व्हता. ऐकला का तुम्ही?"

मी म्हणाले, "नाही गं. पोचलाच नाही."

तिचा चेहरा उजळला. "मला वाटलंच! ऐकला असता तर तुम्ही आल्याच असत्या." आणि भर बाजारात वाकून माझ्या पाया पडली.

निघताना तिनं नंबर आणि घराचा पत्ता दिला. गुरुवारी करमाडला गेले. तिनं चहा ठेवला होता. मी खरं ते सांगितलं. "म्हंजे तुमच्यापर्यंत आला व्हता," एवढंच ती म्हणाली, आणि चहाखालचा गॅस बंद केला.

मी चपला घालत होते, तेव्हा दारातून आवाज आला. "मला दहावीला बसायचंय. घरून निघता येत नाय, फोनवरच शिकावं लागंल. तुम्ही नका शिकवू. मेघा मॅडमला इचारा."

म्हणून हे पत्र. प्रशिक्षणात मी शंभर टक्क्यांची गोष्ट खरी काय होती ती सांगणार आहे. पुढं माझं काय व्हायचं ते होवो. तू समोर बसलेली असशील, म्हणून तुला आधी कळवलं.

तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. दुपारी दोननंतर मुलगी झोपते, तेव्हा तिला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

तेव्हा तुझं न ऐकलेली,
करुणा