सुईणमावशी आणि आपलं प्रसूतिगृह

बाई, गेल्या आठवड्यात मला नर्सिंगच्या मुलींपुढे बोलायला बोलावलं होतं. माणसं नवी पद्धत स्वीकारत नाहीत, अडून बसतात, त्यांना कसं वळवायचं, असा विषय होता. आता त्यासाठी वेगळे तास असतात, पडद्यावर चित्रं दाखवतात. माझ्याकडे चित्रं नव्हती, म्हणून मी तुमची गोष्ट सांगितली. बोरिवलीच्या आपल्या प्रसूतिगृहात तुम्ही सुईणींना कसं आणलंत, ते. उकळलेल्या कात्रीपर्यंत सांगितलं आणि थांबले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन हातपाय धुतले, चहा टाकला, आणि अर्धीच गोष्ट सांगितल्याचं मनाला लागून राहिलं. उरलेली कुणाला सांगायची तर ती तुम्हालाच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशिवाय दुसरं माणूस सुचेना.

मी नर्स म्हणून तुमच्या हाताखाली आले तेव्हा बोरिवली गावच होतं. स्टेशनबाहेर टांगे, पलीकडे भाजीच्या वाड्या, आणि त्यांच्या मधे आपली कौलारू बैठी इमारत. खाटा नव्या, चादरी पांढऱ्याशुभ्र, आणि बायका कुणी येत नव्हत्या. गिरणीतल्या, रेल्वेतल्या कोकणी माणसांच्या चाळी जवळच होत्या, पण त्यांच्या घरची बाळंतपणं घरीच व्हायची. दवाखान्यात मरायला जातात, असं त्या बायका म्हणायच्या. आणि खरंच, आपल्याकडे यायच्या त्या सगळं हाताबाहेर गेल्यावर, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटं तरी कसं ठरावं? तुम्ही आसपासच्या सुईणींना बोलावून घेतलंत, भिंतीवर तक्ता टांगून जंतू म्हणजे काय ते समजावलंत. त्या तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. उठताना एक जण, मालवणकडची, उंच, हाडकुळी, दाराशी थांबून म्हणाली, "बाई, तुमी सांगितलास ता सगळा बरा आसा. पण माझ्यो बायका हय येवक भियतत, तेचा काय?"

त्यांनाच आम्ही पुढे सुईणमावशी म्हणायला लागलो. मला त्यांच्या त्या बोलण्याचा रागच आला होता. तुम्हाला नाही आला. तुम्ही तक्ता गुंडाळून कपाटावर टाकलात आणि म्हणालात, "बरोबर विचारलं त्यांनी. आपण त्यांना शिकवायला निघालो, पण त्यांचं काम कसं चालतं ते आपल्यापैकी कुणी पाहिलंय?"

मग तुम्ही मला बरोबर घेऊन मावशींच्या मागे चाळीत जायला लागलात. अजून दिसतं मला. दुपारची वेळ, खोलीत शेगडीची धग, दोरीवरचे कपडे एका कडेला सारलेले, आणि तुम्ही, मेट्रनबाई, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत खाली जमिनीवर बसलेल्या. बाळंतिणीला मावशी पाठीशी धरून बसतात, कानाशी काहीतरी पुटपुटत राहतात, आणि ती बाई ओरडायची थांबते. आपल्या टेबलावर कुणी अशी शांत झालेली मी पाहिली नव्हती. नाळ कापताना मावशींनी कोनाड्यातलं पातं घेतलं आणि वर हळद दाबली, तेव्हा मला हसू फुटलं, थोडं तुच्छतेचंच. बाहेर आल्यावर तुम्ही रस्त्यातच थांबलात. "शिकलेल्या माणसाला हसायचं असेल तर त्यानं घरी आरशात बघून हसावं," असं म्हणून तुम्ही पुढे चालायला लागलात.

तुम्ही करत होतात ते एवढंच, की उकळलेल्या कात्रीचा डबा मावशींच्या हाताशी ठेवून द्यायचा आणि गप्प बसायचं. आधी त्यांनी तो पायानं बाजूला सारला. नंतर नुसता राहू दिला. मग एका घरात मूल आडवं आलं, मावशींचा हात चालेना, आणि त्या तुमच्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, आता तुमी बघा." तुम्ही मूल सोडवलंत, आई वाचली, आणि नाळ कापायला मावशींनी आपणहून डबा उघडला. आधी हात धुऊन आल्या, कोपरापर्यंत. मी गोष्ट सांगताना थांबले ती इथे.

त्यानंतर तुम्ही त्यांना म्हणालात, "मावशी, तुमच्या बायका माझ्याकडे घेऊन या. तुम्हीही आत या. बाळ आईच्या हातात तुम्हीच द्यायचं. तुमचं काम तुमच्याकडेच राहील." मी शेजारीच उभी होते. आपल्याच नर्सेस तेव्हा किती फुगून बसल्या होत्या. आम्ही काय हिच्याबरोबर उभं राहायला शिकलो का, असं एकीनं तोंडावर विचारलं. "हात धुतलेत ना त्यांनी? मग त्या आत येणार," तुम्ही म्हणालात. मावशींसाठी तुम्ही लेबर रूममध्ये घालायच्या चपला आणल्यात. जन्मात कधी चपला घातल्या नव्हत्या त्यांनी. तापल्या वाळूवरून चालावं तशा त्या फरशीवरून चालायच्या, आणि कळा देणारी बाईसुद्धा त्यांना बघून हसायची.

मग बायका येत राहिल्या. टांगे दाराशी थांबायचे, पुढे मावशी उतरायच्या, मागून पहिलटकरीण आणि तिची सासू. मावशी डोक्याशी बसणार, नर्स पायाशी. वर्षभरात व्हरांड्यातही खाटा टाकाव्या लागल्या. काम करताना इतक्या खुशीत मी तुम्हाला पुढे कधी पाहिलं नाही.

नवे डॉक्टर आले आणि त्यांनी नियम आणला, की नोंदणी नसलेलं माणूस लेबर रूममध्ये चालणार नाही. नियम वाईट नव्हता, हे आज मला कळतं. मीही पुढे इन्चार्ज होऊन तसलेच नियम लावले. तुम्ही भांडलात, केबिनच्या दारातून तुमचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. पण शेवटी मावशींना सांगायचं काम तुमच्याकडेच आलं. बाळंतिणींची पेज शिजायची त्या स्वयंपाकघरात तुम्ही त्यांना बसवलंत, स्वतः चहा गाळून दिलात. मी पेज ढवळत होते.

"मावशी, उद्यापासून आत येता येणार नाही तुम्हाला," तुम्ही म्हणालात. "मी खूप सांगून पाहिलं."

मावशींनी बशी खाली ठेवली. "मगे माझा काम काय?"

"आयाची जागा आहे. पगार दर महिन्याला मिळेल. मी शब्द घेतलाय."

"बाई, ह्यो बायका माझ्या सांगण्यावर हय इल्यो."

"माहीत आहे मला."

"बरा," मावशी म्हणाल्या. उरलेला चहा प्यायल्या, कपबशी विसळून पालथी घातली आणि गेल्या. मला वाटलं, आता या येत नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बादली आणि फडकं घेऊन व्हरांडा पुसत होत्या. आतून एखादी ओळखीची बाई "मावशे, मावशे" म्हणून हाका मारायची, तेव्हा त्या दाराबाहेर पुसतापुसता थांबायच्या आणि परत पुसायला लागायच्या. तुम्ही तिथून जाताना मान खाली घालून भरभर चालायचात, ते आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. काही महिन्यांनी मावशी यायच्या बंद झाल्या. तोवर चाळीतल्या बायका सरळ आपल्याकडे यायला लागल्या होत्या, त्यांना आता कुणी आणायची गरज उरली नव्हती. एकदा कपडे घडी करताना तुम्ही एकदम म्हणालात, "त्यांना आधी विचारायला हवं होतं गं. सगळं ठरल्यावर सांगायला गेले मी."

आता तुम्हाला ठाऊक नसलेलं सांगते. माझं लग्न झालं, मी तिथेच दोन गल्ल्या सोडून राहायला आले, आणि माझे दिवस भरले. सासूबाई गावी, हे ऑफिसात. भर दुपारी कळा सुरू झाल्या. टांगा केला असता तर पाच मिनिटांत तुमच्यापुढे असते. पण मी भिंतीचा आधार घेत घेत मावशींच्या चाळीत गेले. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आत जाऊन त्यांच्या चटईवरच बसले आणि म्हटलं, "मावशी, इथेच करा माझं. मला तिकडे जायचं नाही."

त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला. काय तो हात होता, बाई. माझी अर्धी भीती तिथेच गेली. मग त्यांनी तो काढून घेतला. "खुळी काय गो तू? माझो हात आता सुटलो, सवय रवली नाय. काय कमीजास्त झाला तर? ऊठ." मी रडले, हट्ट केला. त्यांनी ऐकलं नाही. शेजारच्याला टांगा आणायला पाठवलं आणि मला धरून तुमच्या दारात आणलं. तुम्ही बाहेर आलात. "बाई, ह्या तुमचा चेडू," ही तुमची मुलगी, एवढंच त्या म्हणाल्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "मावशी, आज आत चला. कोण काय म्हणतं ते मी बघते." त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि त्या पायरीवर जाऊन बसल्या.

मुलगी झाली. तुम्ही तिला पुसून, गुंडाळून माझ्याकडे देण्याआधी बाहेर घेऊन गेलात. कशासाठी ते मला कळलं. दाराशी तुमचा आवाज आला, "मावशी गेल्या का?" तुम्ही परत आलात आणि मुलगी माझ्या कुशीत ठेवलीत.

नंतर वर्षानुवर्षं तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगत राहिलात, "माझी मुलगी स्वतःच्या बाळंतपणाला दुसरीकडे गेली नाही, माझ्याकडेच आली." मावशींनी मला वाटेत कुठेतरी गाठून आणलं असेल, असा तुमचा समज झाला होता. तुमच्या शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसले होते, तेव्हाही तुम्ही तेच सांगितलंत, आणि मी मान डोलावली. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, कपाटात साड्यांखाली राहील. पण बाई, त्या दुपारी मी घाबरले होते, आणि घाबरल्यावर मला तुम्ही नको होतात. मला मावशी हव्या होत्या.