डहाळ्यांचा ढीग

१२ मार्च, सांज

दुपारी पुण्याची गाडी माह्या चहाच्या टपरीवर थांबली. नवरा, बायको अन् पाच-सहा वर्षांची पोरगी. मोबाइलच्या नकाशात त्यायले जंगलातला डहाळ्यांचा ढीग दिसून राह्यला होता. कोणीतरी त्यात लिहून ठेवलं, थांबाले निवांत जागा.

मी म्हटलं, "भाऊ, तिथी माह्या जावेले वाघानं नेलं. मोहफुलं येचत होती. जाणारा तिच्या नावानं डहाळी टाकते अन् पुढं जाते. उतरत कोणी नाई."

तो हसला. "मावशी, साडेचार तारे आहेत या जागेला."

"जे परत आले त्यायनंच तारे देल्ले."

पोरगी म्हणे, मीपण डहाळी टाकणार. चहा भरून माहा थर्मास नेला, तासाभरात आणून देतो म्हणाले. रस्ता हाच एक. उन्हं गेली, थर्मास नाई. तिथी रेंजही नाई. आमच्या मालकानं नाक्यावर सांगतलं, तवा वनखात्याची जीप गेली. तीही आली नाई अजून.

मी गाडीसमोर उभी काऊन नाई राह्यली? गिऱ्हाईक म्हणून?

आत्ता मालकानं शेळीसाठी डहाळी तोडून आणली. मी हिसकून बाहेर फेकली. आज माह्या दारात डहाळी नको.