सहीशिवायची आवृत्ती

२ ऑक्टोबर, गुरुवार

पोचलो एकदाचे! कैरोहून निघालेली बस वाटेत इतकी रखडली, की बाबांनी ड्रायव्हरला विचारलं, लेका, तू आम्हाला सुदानला तर नेत नाहीस ना? बाबांनी सगळी हयात आगगाडी चालवण्यात घालवली, त्यामुळे रस्त्यावरच्या कुठल्याही ड्रायव्हरचा उद्धार करायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटतं. घर पाहिल्यावर मात्र त्यांनी ड्रायव्हरला माफ करून टाकलं. दोन खोल्या, वर गच्ची आणि समोर थेट लाल समुद्र. कैरोच्या शुब्रा भागातल्या धुरात त्यांच्या छातीचं भुसकट झालंय. हवा बदलली नाही तर हिवाळा निघणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून तर मी ही नोकरी धरली, नाहीतर मरसा हनूनसारख्या गावात स्वतःहून कोण येतं!

काम समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात. सगळ्या पंपांवर एक सर्व्हर नजर ठेवतो, त्यावरचं लिनक्स जुनाट झालंय, ते मी नव्या आवृत्तीवर न्यायचं. व्यवस्थापक उस्ताज फिक्री मला "बाशमुहंदिसा" म्हणतात, म्हणजे इंजिनियरबाई, आणि त्याच दमात चहा कोण करणार असंही विचारतात. फाटकावर अबू शहाता म्हणून लंगडा पहारेकरी आहे. चौकीच्या छपरावर त्याने कबुतरं पाळलीत. एवढ्या मोठ्या कैरोत पुरुष संपले काय, म्हणून त्याने मला हटकलं. मी म्हटलं, आहेत की, पण सगळे फाटकावर बसतात. तो पोट धरून हसला आणि मला अर्धी साखर, अर्धा चहा असा पेला दिला.

बाबा दिवसभरात मोजकेच खोकले. त्यांचा खोकला मला पाठ आहे. दोन छोटे, एक लांबलचक, मग "या रब" असा देवाचा धावा, आणि लगेच एखादा विनोद, म्हणजे मी घाबरायला नको.

४ ऑक्टोबर, शनिवार

सर्व्हर पाहिला. सीडीच्या चकत्यांचा ड्राइव्ह मेलेला, आणि मागे कधीतरी व्हायरस शिरला म्हणून यूएसबीच्या भोकांत कुणीतरी चक्क डिंक ओतलाय. म्हणजे सगळं नेटवरून करायचं. यंत्राला नव्या आवृत्तीचा पत्ता द्यायचा, ते तिकडून एकेक पॅकेज ओढून घेतं आणि चालता चालता स्वतःला बदलतं. बाबांना हे समजावलं तर म्हणाले, म्हणजे धावत्या गाडीचं इंजिन बदलायचं? आमच्याकडे असल्या माणसाला घरी बसवायचे.

नेहमीचे पत्ते लागतच नव्हते. आधीच्या माणसाने एक वेगळाच पत्ता लिहून ठेवला होता, तो लावला तर पॅकेजं धडाधड यायला लागली. फक्त एक सूचना आली, की पाठवणाऱ्याची सही ओळखता येत नाही, तरी घ्यायचं का? आमच्या धंद्यात अशा वेळी सगळे "हो" म्हणतात आणि चहा प्यायला जातात. मीही तेच केलं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पहिली आवृत्ती बसली. एकही पंप अडखळला नाही. संध्याकाळी बाबांनी मुलूखियाची भाजी केली, खारट झाली, आणि दोष समुद्राच्या हवेला दिला.

प्रत्येक आवृत्तीबरोबर एक टिपण येतं. काय दुरुस्त केलं, काय अजून बिघडलेलं आहे. ते कुणी वाचत नाही. मला आज काही काम नव्हतं म्हणून वाचलं. मध्येच एक ओळ होती, "दुरुस्त: फाटकावरचा पाय." अरबी भाषांतर करणाऱ्याने काहीतरी घोळ घातला असणार, असं म्हणून सोडून दिलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

अबू शहाता आज सरळ चालतोय. लंगडणं नावाला नाही. मी म्हटलं, मबरूक, अभिनंदन, अबू शहाता, कुणाचं औषध लागू पडलं? तो म्हणाला, सगळं ठीक आहे, बाशमुहंदिसा. चहा विचारला नाही. टोमणाही मारला नाही.

कामाच्या यंत्रावर लगेच पुढच्या आवृत्तीची सूचना आली आहे. तिच्या तारखेला अजून पाच वर्षं अवकाश आहे. यंत्राचं घड्याळ चुकलं असेल म्हणून तपासलं. घड्याळ बरोबर आहे. त्या सूचनेखाली लिहिलंय, "माहीत असलेले दोष: समुद्रासमोरच्या घरातला खोकला. पुढच्या आवृत्तीत जाईल."

कुणीतरी माझी थट्टा करतंय. सापडू दे, फाडून खाईन.

११ ऑक्टोबर, शनिवार

बाबांना दुपारी जेवताना जोराचा ठसका आला तो थांबेचना. ओठ निळे पडले. दवाखान्यात नेलं, तर ऑक्सिजनची नळकांडी रिकामी, नवी येणार सोमवारी. तिथला डॉक्टर पोरसवदा आहे, तो माझ्याकडे बघेना. बाबा माझा हात दाबून काहीतरी विनोद सांगायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना शब्द फुटत नव्हता.

मी कारखान्यात पळाले. हे मी पूर्ण शुद्धीवर असताना केलं, हे इथे लिहून ठेवते. पुढची आवृत्ती घ्यायची का? हो. सही ओळखता येत नाही, तरी घ्यायची का? हो, हो, हो.

परत आले तर बाबा खाटेवर उठून बसलेले. खोकला नाही. ओठांचा रंग परत आलेला. मी दवाखान्यातच हमसाहमशी रडले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दोन दिवस आनंदात होते म्हणून काही लिहिलं नाही. आनंदातच होते ना? बाबा बरे आहेत. कसे आहात विचारलं की सगळं ठीक आहे म्हणतात. खारट भाजी वाढली तरी सगळं ठीक आहे. मुद्दाम चहात साखर घातली नाही. मुकाट्याने प्यायले. आगगाडीवाल्यांना मी चार शिव्या हासडून बघितल्या, ऐकून घेतल्या.

मला ते नेहमीसारखं "शूशू" म्हणत नाहीत. इन्शिराह म्हणतात, शाळेच्या दाखल्यावर असतं तसं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ते झोपत नाहीत. समुद्राकडे तोंड करून बसतात. आज जवळ बसले आणि त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं, लहानपणी ठेवायची तसं.

छाती हलत नाही.

नाकाशी बोट धरलं. श्वास नाही. श्वासच नसेल तर खोकला कुठून येणार? असा दुरुस्त केला त्या पाठवणाऱ्यांनी.

बाबा म्हणाले, सगळं ठीक आहे, इन्शिराह.

१५ ऑक्टोबर, बुधवार

फिक्रींच्या खोलीत जाऊन ओरडले, की ही पॅकेजं पाठवतंय कोण? ते माझ्याकडे वेडी असल्यासारखे बघत राहिले. म्हणाले, कसली पॅकेजं, रस्ता खणणाऱ्यांनी बाहेरची तार तोडली ती तू यायच्या आधीच, मीच रोज बोंबलतोय, अख्ख्या कारखान्यात नेट नाही.

आधीच्या माणसाने लिहिलेला पत्ता मी आज पहिल्यांदा नीट वाचला. तो ह्याच यंत्राचा आहे. बाहेरून काही येतच नव्हतं. ते स्वतःकडूनच घेत होतं, आणि मी हो म्हणत होते.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

मागे न्यायचं. पण लिनक्सची नवी आवृत्ती एकदा बसली की ती उलटी उतरत नाही. जुनी हवी तर सगळं पुसून जुन्या चकतीवरून पुन्हा बसवायचं. चकती कुठे आहे? कपाटं उपसली. फिक्री म्हणाले, त्या चकचकीत चकत्या ना, त्या अबू शहाताने मागून नेल्या, ससाण्यांना पळवायला.

धावत चौकीच्या छपरावर गेले. खुराड्याभोवती चकत्या दोऱ्यांना टांगलेल्या, चमकत होत्या. कबुतरं सगळी खाली मरून पडलेली. दाणापाणीच कुणी घातलं नव्हतं. अबू शहाता त्यांना ओलांडून सरळ पायांनी फेऱ्या घालत होता.

जुनी चकती मिळाली! नाव पुसट आहे, पण तीच आहे. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह आहे, तिथून तारेने सर्व्हरवर चढवेन. देवा, एवढं एक कर.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

चकती उन्हाने खाल्ली आहे. अर्ध्यापर्यंत चालते आणि घरघरते. पुसून लावली. तेल लावून लावली. दुवा मागून लावली. तिथेच अडकते.

शेजारची उम्म हिशाम आता बाळाला रागवत नाही. बाळ रडत नाही. फिक्री पण — त्यांनाही सगळं ठीक आहे. यंत्र आता मला न विचारताच पुढचं बसवतंय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सर्व्हरची वायरच उपटली. भर दुपारी, कुणालाही न विचारता. पंप बंद झाले. घरी पळत आले तर बाबा जमिनीवर, अंग गार, डोळे उघडे. तशीच परत पळाले, वायर लावली. वाटेत उम्म हिशाम दारात पडलेली होती, बाळ तिच्या —

सगळे उठले. बाबांनी राहिलेलं वाक्य पुरं केलं. "— ठीक आहे."

बंद करता येत नाही. मागे जाता येत नाही. मी काय करू? कुणाला विचारू? ह्या गावात आता श्वास घेणारी मी एकटी आहे की काय?

१९ ऑक्टोबर

सूचना आली आहे. "माहीत असलेले दोष: लिहिणारी." पुढच्या आवृत्तीत जाईल.

माझ्यामागे बाबांकडे कोण बघणार.

एकच रस्ता उरलाय. आमच्या धंद्यातली रीत आहे, दोष दिसला तर शिव्या न देता नीट कळवायचा. काय होत होतं, आता काय होतं, काय व्हायला हवं. आमच्यातले लोक तेवढं तरी ऐकतात. ते यंत्रही ऐकेल.

कळवलं. लिहिलं, की माझ्या बाबांचा खोकला तुम्ही काढलात, तो दोष नव्हता. तो माझे बाबा होते. श्वास परत द्या, खोकल्यासकट, विनोदांसकट, किती का दिवस राहेना. माझं काय करायचं ते करा.

खाली विचारलं होतं, बदल कुणासाठी. उत्तर आधीच भरलेलं होतं. नेहमीसारखं न वाचताच एंटर दाबलं. दाबल्यावर वाचलं —

सर्वांसाठी.

२० ऑक्टोबर

बाबा खोकले! दोन छोटे, एक लांब, या रब! मग ओरडले, शूशू, ह्या चहात साखर घालायला तुझा काय बाप मेलाय? मी त्यांच्या गळ्यात पडले. छाती हलतेय. खरंच हलतेय. तेच आहेत, माझेच आहेत —

शेजारून आला. दोन छोटे, एक लांब. उम्म हिशाम. मग तिच्या बाळाचा, एवढुशा गळ्यातून तोच — फाटकाकडून — बाजारातून — सगळीकडून एकदम, तसाच. या रब. या रब.

बाबा खिडकीशी गेलेत. विचारतायत, शूशू, माझ्यासारखं कोण खोकतंय गं एवढं? त्यांना कसं सांगू. बाळाचे ओठ निळे पडलेत. नळकांडी अजून रिकामीच —

यंत्रावर लिहिलंय, एकही दोष उरला नाही.

माझ्या छातीत काहीतरी — नाही — बाबा पाठ चोळतायत. म्हणतात, घाबरू नकोस पोरी, मला सवय आहे, आधी दोन छोटे येतात, ते येऊ दे, मग जो लांब येतो ना, त्याच्या आधी श्वास —